बदकाचे पाय

दोन हजार पाच सालच्या जुलैतला पहिला सोमवार. रक्कम अठरा हजार पाचशे रुपये. हजर माणसं पाच: आबा म्हणजे माझे वडील, आई, थोरले मामा, मी आणि खिडकीपलीकडे बसलेला पुण्यातल्या विद्यापीठाचा कारकून. नोटा आधी आबांनी मोजल्या, मग मामांनी, मग कारकुनाने. पावती हातात आल्यावर मामांनी विचारलं, "आन् साहेब, ह्यात पोरगी नक्की काय शिकणार म्हनायची?" कारकून मान वर न करता म्हणाला, "ॲनिमेशन. कार्टून काढायला." मामा आबांकडे वळले. "दाजी, एवढ्यात चांगली म्हैस आली आसती." त्यावर मागून आई म्हणाली, "म्हशीला शाळा शिकीवली आस्ती का मग?" कारकुनाने तेवढ्यापुरतं वर पाहिलं आणि हसला. आई अशीच होती. तिच्याशी बोलण्यात कोणी पुढे गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

आमचं घर शिरूरपासून चार किलोमीटरवर, न्हावऱ्याच्या रस्त्यापासून आत, शेतातच होतं. शेवंती आणि झेंडू ही आमची पिकं. फुलांच्या दिवसांत घरात ओल्या गोणपाटांचा वास भरलेला असायचा आणि अंगणात तोडणीच्या बायकांची बडबड. त्या सगळ्यात आईची चाल मात्र वेगळी ऐकू यायची. एक पाऊल टेकल्याचं, एक फरफटल्याचं. तिच्या डाव्या पायात लहानपणच्या तापापासून जोर नव्हता. त्या पायावर भार द्यायचा झाला की ती डाव्या हाताने मांडी दाबून धरायची, अंग डावीकडे कलायचं, आणि तेवढ्यात उजवा पाय घाईने पुढे यायचा. हात काढला की गुडघा दगा द्यायचा. अशा चालीने ती डोक्यावर फुलांची पाटी घेऊन रस्त्यापर्यंत जायची, जीप पकडायची आणि शिरूरच्या बाजारात दिवसभर बसायची. वस्तीवरची पोरं तिला मागून "डुलती गाडी आली रं" म्हणायची. ती थांबून मागे बघायची आणि म्हणायची, "आली ना? मंग बाजूला सर, न्हाईतर चाकाखाली यील तुजा बाप." पोरं पळून जायची. तिला वाईट वाटतं असं मला कधी वाटलं नाही. आज वाटतं, मी कधी नीट पाहिलंच नाही.

विद्यापीठात आम्हाला चौघाचौघांचे गट पाडून दिले. एका गटाने वर्षभरात दोन मिनिटांची एक फिल्म करायची आणि गुण चौघांना सारखे मिळायचे. माझ्या गटात पुण्याचा अनिरुद्ध, पुण्याचीच केतकी, दौंडची शमीम आणि मी. अनिरुद्धचा हात विलक्षण होता. तो बोलता बोलता वहीच्या कोपऱ्यात माणूस उभा करायचा आणि तो माणूस कोण हे कुणालाही विचारावं लागायचं नाही. केतकी रंग आणि मागचे देखावे करायची. शमीमची रेघ स्वच्छ होती. माझी रेघ बेताची, पण हिशेब पक्का. हातांनी काढलेल्या फिल्ममध्ये एका सेकंदाला बारा चित्रं लागायची. मुख्य चित्रं, ज्यांना सगळे 'की' म्हणत, चांगल्या हाताचा माणूस काढतो. दोन कींच्या मधली चित्रं दुसरे भरतात. मी भरणारी. कुठल्या कीनंतर किती चित्रं, हे अनिरुद्ध कागदाच्या कडेला लिहून द्यायचा आणि मी तेवढी बरोबर भरायचे. माझं चित्र कुठेही उडी मारायचं नाही, असं सर म्हणायचे. त्याचा मला अभिमान होता.

दसऱ्यानंतर सरांनी सांगितलं, बाहेर जा, माणसं बघा, जनावरं बघा, चाली बघा. आमच्या गटाने माझं घर निवडलं, कारण जेवणखाण फुकट आणि शेवंती फुललेली. दोन दिवस राहिले सगळे. आईने मासवडी केली, बाजरीच्या भाकरी थापल्या, दुसऱ्या दिवशी हुलग्याचे शेंगोळे केले. मासवडीच्या रश्शाने केतकीच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी तिने तीनदा घेतला. अनिरुद्ध ओट्यावर वही घेऊन बसलेला असायचा. आमचा पाण्याचा रांजण अंगणाच्या पार टोकाला, लिंबाखाली होता. तो दर थोड्या वेळाने हाक मारायचा, "काकू, पाणी मिळेल?" मी उठायला लागले की म्हणायचा, "तू बस गं, काकू देतील." आई जायची, तांब्या भरून आणायची, परत कामाला लागायची. "काय गं उजे," ती मला आत म्हणाली, "ह्या पोराला पुण्यात पानी देत न्हाईत का काय? कवाचं पितंय." आम्ही दोघी हसलो. निघताना तिने त्याच्या पिशवीत बळंच शेंगदाण्याचे लाडू कोंबले. "तुझी आई फार गोड आहे," तो मला म्हणाला. खरंच म्हणाला असेल.

फिल्मची गोष्ट त्यानेच सुचवली. एक बदकबाई पाटीत अंडी घेऊन बाजाराला निघते. वाटेत अंडी फुटतात, पिल्लं बाहेर येतात आणि तिच्यामागे ओळीने अगदी तिच्यासारखीच डुलत चालतात. बाजारात पोचेपर्यंत विकायला काही उरत नाही. गोष्ट साधी होती, सगळ्यांना आवडली. मलाही.

दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृह बंद. मधली चित्रं काढायला काचेची पेटी लागते. वर दुधी काच, आत ट्यूबलाइट, म्हणजे खालच्या कागदावरची रेघ वरच्या कागदावर दिसते. आमच्याकडे तेव्हा दिवसातून आठ-आठ तास वीज जायची, त्यामुळे शिरूरला हे काम होणं शक्य नव्हतं. शमीमचे वडील रेल्वेत होते. दौंडच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये वीज फारशी जात नसे. त्यांनीच एका सुताराकडून पेटी करून घेतली होती. मी तीन आठवडे तिथे राहिले. दिवसभर गाड्या. लांबून मालगाडी आली की पेटीची काच आधी किणकिणायची, मग कागद थरथरायचा. आम्ही दोघी पेन्सिली वर उचलून धरायचो आणि शेवटचा डबा जाईपर्यंत गप्प बसायचो. शमीमची आई, जिला मी चाची म्हणायचे, सकाळी चहाबरोबर कडक बटर द्यायची आणि दुपारी अंड्याचं कालवण आणि भात. जेवताना हातांना लागलेली पेन्सिलीची काजळी बघून म्हणायची, "कोळसा तर आमचे हे भरायचे इंजिनात, पण तुमच्यापरीस सोच्छ यायचे घरी."

अनिरुद्ध आठवड्यातून दोनदा पुण्याच्या शटलने यायचा, कीज द्यायचा, झालेलं काम घेऊन परत जायचा. बदकाचे दोन थर केले होते. धड, पंख आणि मान एका कागदावर, नुसते पाय दुसऱ्या कागदावर. एकाच वेळी दोघींना काम करता यावं म्हणून अशी वाटणी असते. धड शमीमकडे आणि पाय माझ्याकडे. तिच्या कागदांवर काय चाललंय हे बघायला मला माझ्या कागदांतून सवड नव्हती. पायांचा हिशेब मला पहिल्याच दिवशी खटकला. डावा पाय पुढे यायला नऊ चित्रं लिहिली होती आणि उजवा यायला पाच. मला वाटलं त्याची मोजण्यात चूक झाली.

"दोन्हीला सात-सात कर ना," मी म्हटलं. "एकूण चौदाच होतात."

"नऊ आणि पाचच ठेव," तो म्हणाला. "गंमत त्यातच आहे."

मी नऊ आणि पाच ठेवले. एका चालीची चौदा चित्रं, आणि दर वेळी पाटीचं ओझं वेगळं, रस्ता वेगळा, म्हणून परत परत. एकूण तीनशे सदतीस जोड्या पाय मी काढले. चाचीने एकदा माझ्या कागदांची चळत बोटांनी फरफरवून पाहिली. "हे बदक अधू हाय का गं?"

"गमतीचं आहे, चाची."

"अधू जनावराची गंमत व्हय," एवढं म्हणून ती कांदा चिरायला गेली.

माझी मुलगी आता मोबाइलवर तासाभरात असं काहीतरी हलवून दाखवते आणि मला विचारते, आई, तू कॉलेजात हेच शिकलीस ना? मी हो म्हणते. मधली चित्रं आता यंत्र भरतं. ते भरताना यंत्राला काही कळत नाही आणि मलाही तेव्हा कळलं नव्हतं, त्यामुळे फरक मोठा आहे असं मी म्हणणार नाही.

सुट्टी संपल्यावर विभागात दोन्ही थर एकावर एक ठेवून कॅमेऱ्याखाली चित्रं घेतली आणि पेन्सिलीच्या रेघांचीच कच्ची फिल्म पडद्यावर लावली. पहिल्यांदाच धड आणि पाय एकत्र दिसत होते. बदक चाललं तशी खोली हसली. मीही हसले, बहुतेक सगळ्यांच्या आधी, कारण आपण काढलेली चित्रं चालायला लागली की जो आनंद होतो तो दुसऱ्या कशात नसतो. मग मला पंख दिसला. डावा पाय टेकताना बदकाचा डावा पंख खाली यायचा आणि मांडीवर दाबला जायचा. अंग डावीकडे कलायचं. उजवा पाय घाईने पुढे यायचा. माझं हसू तोंडावरच राहिलं. ती माझी आई होती.

बाहेर व्हरांड्यात मी शमीमला धरलं. "तुला कळलं होतं?"

"धड काढताना पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "मला वाटलं, तूच सांगितलं आसशील त्याला. पाय तुझ्याकडंच दिलं व्हतं ना त्यानं."

मग केतकी आली आणि काय झालं म्हणाली. मी सांगितलं. तिने मागे दाराकडे पाहिलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "अगं, पाणी तो प्यायचाच नाही. ओट्यामागे ओतून द्यायचा. त्याला काकूंना परत परत चालताना बघायचं होतं. मी म्हटलं त्याला, सरळ विचार. तर म्हणाला, विचारलं की माणूस नीट चालायला बघतो."

मी अनिरुद्धपुढे जाऊन उभी राहिले. सगळे तिथेच होते. म्हटलं, "ही माझी आई आहे."

"ही?" त्याने पडद्याकडे बोट केलं. "हे बदक आहे, उज्ज्वला. तुझी आई बदक आहे का?"

दोघं-तिघं हसले. हो म्हणावं तर मीच तिला बदक म्हटल्यासारखं, नाही म्हणावं तर विषय संपला. आईला उत्तर सुचलं असतं. मी सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निरीक्षण असंच करतात. दर वर्षी मुलं चाली काढतात, सगळ्या एकसारख्या. या बॅचमध्ये पहिल्यांदा चाल जिवंत झालीये. आणि तुझे पाय तर अप्रतिम." मी म्हटलं, मी सगळे पाय परत काढते, सात-सात चित्रांचे, एकटी काढते, रंगवायला उशीर होऊ देणार नाही. सर म्हणाले, गटाचा निर्णय गटाने घ्यावा. गटाने घेतला. अनिरुद्ध म्हणाला, नव्या कीज मी देणार नाही. केतकी म्हणाली, मला वाईट वाटतंय, पण गुण चौघांचे आहेत. शमीम जमिनीकडे बघत म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना उजू. तुझी आई कुठं बघायला येतीय?"

मग मी त्यावरच भिस्त ठेवली. जानेवारीत विभागाचा कार्यक्रम होता, पालकांना बोलावणं होतं. मी घरी सांगितलं, कार्यक्रम फक्त मुलांचा आहे. आबा म्हणाले, बरं. आईने विचारलं, "चित्र कवा दावणार मंग आमाला?" मी म्हटलं, सीडी आणीन. आमच्याकडे सीडी लावायला काही नव्हतं, त्यामुळे मला निश्चिंत वाटलं. पण विभागाने छापील पत्रिका प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर टाकली होती, हे मला ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मी पडद्याच्या बाजूला उभी होते आणि दारातून आबा आत आले, इस्त्रीची टोपी घातलेले. मागे आई. ठेवणीतली हिरवी साडी, हातात सरांसाठी झेंडूचा हार, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मला बघून तिने लांबूनच हात केला. दोघं मधल्या वाटेच्या कडेला, मागून तिसऱ्या रांगेत बसली. मी जाऊन म्हटलं, "आई, चल, तुला बाग दाखवते बाहेरची."

"बाग काय बघायची? बागंतनंच आले की मी," ती म्हणाली. "तुजं चित्र बघू दे."

दिवे गेले. आमची फिल्म चौथी होती. बदकबाई पडद्यावर आली आणि दोनशे माणसांचा हॉल हसायला लागला. अंडी फुटली, पिल्लं तशाच चालीने मागे निघाली, तेव्हा टाळ्या पडल्या. मी पडद्याकडे बघत नव्हते. अंधारात मला आबा दिसत होते. ते गुडघ्यावर हात मारून हसत होते. आई तोंडाला पदर लावून हसत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, सुटले. तिला कळलं नाही.

पहिलं बक्षीस आम्हाला मिळालं. सहा हजार रुपये. आम्ही चौघं मंचावर गेलो. सर माईकवर म्हणाले, ज्यांच्या घरी राहून मुलांनी अभ्यास केला त्या उज्ज्वलाच्या पालकांनीही वर यावं. त्यांना आदरच दाखवायचा होता. आबांनी आईला कोपर मारलं. "तू जा. पोरगी तुजी." आई उठली, हार घेऊन मधल्या वाटेत आली आणि चालायला लागली. डावा हात मांडीवर, अंग डावीकडे, उजवा पाय घाईने पुढे.

आधी कुणीतरी फक्त "ए" म्हणालं. मग मागून एक मुलगा "क्वॅक" म्हणाला. मग हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत असं पुढे पुढे येत गेलं, आईच्या बरोबरीने. आईसुद्धा आधी हसली. तिला वाटलं, मघाचंच हसू अजून चाललंय. चार पावलं तशी आली. मग तिने खाली आपल्या हाताकडे बघितलं. मांडीवर दाबलेल्या. तिने पडद्याकडे बघितलं, तिथे शेवटचं चित्र थांबलेलं होतं, बदक पंख मांडीवर दाबून उभं. ती थांबली. मला वाटलं, आता ती मागे वळेल आणि त्या पोराच्या बापाला चाकाखाली घालेल. तिने हात मांडीवरून काढला. सगळ्या हॉलसमोर, हात बाजूला सोडून, तिने सरळ चालायचा प्रयत्न केला. गुडघा वाकला. ती खुर्चीच्या पाठीवर आपटली, हार खाली पडला. हसू थांबलं, पण एकदम नाही, विझत विझत थांबलं. शमीम मंचावरून उडी मारून धावली आणि तिने आईला धरलं. मी मंचावरच उभी होते, हातात प्रमाणपत्र. अनिरुद्ध माझ्या कानाशी म्हणाला, "आय ॲम सॉरी," आणि मला दिसलं की त्याचा चेहरा खरोखर पांढरा पडलाय. त्याने तरी कुणाला काय मिळालं?

परतीच्या एसटीत आबा पुढे बसले. आई खिडकीशी, मी तिच्या शेजारी. रांजणगावच्या पुढे कंपन्यांची गर्दी उतरून गेली आणि गाडी रिकामी झाली. तेव्हा तिने विचारलं,

"उजे, ते बदक कुनी काढलं?"

"सगळ्यांनी मिळून काढलं. चौघांनी."

"म्हंजी कसं?"

"वाटून घेतलं होतं. कुणी रंग, कुणी धड."

"चांगलं काढलंय," ती म्हणाली. "पायाचं तर लईच बरूबर हाय. मला सोताला ठावं न्हाई, मी येवडी आशी चालते. पाय कुनी काढलं?"

मी अनिरुद्धचं नाव घेऊ शकले असते. तेही अर्धं खरंच होतं.

"पाय मी काढले."

तिने मान हलवली, जसं बाजारात भाव पटला की हलवायची. नंतर शिरूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. थांब्यावर उतरताना मी हात पुढे केला, तर तिने कंडक्टरचा खांदा धरला.

त्यानंतर आई बाजाराला चालत रस्त्यापर्यंत गेली नाही. वस्तीवरून जायचं झालं तर वेळ बघायची, पोरं शाळेत असताना निघायची. कुणी मागून काही म्हटलं तर उत्तर देईनाशी झाली. फुलं विकायला मात्र जावंच लागायचं. घराच्या दारातून थेट तिच्या बसायच्या जागेच्या तोंडाशी नेणारी रिक्षा मी ठरवली. रिक्षावाला बबन शिंदोडकर, भाडं जाऊन-येऊन साठ रुपये. बक्षिसातला माझा वाटा दीड हजार होता. तो सगळा त्याला गेला, पंचवीस बाजारांत. शेवटचे साठ रुपये मी स्वतः त्याच्या हातात दिले. आई तेव्हा रिक्षातच बसलेली होती. बाजाराच्या गल्लीतली माणसं जाईपर्यंत आणि मी पाठ फिरवीपर्यंत ती उतरली नाही.